चमकणारे प्रतिपिंड

दापोली तालुक्यातील आंजर्ल्याच्या पुळणीवर अनवाणी चालताना पायात शिंपल्याची कपची घुसली, तर जखमेतून रोगजंतू आत शिरतात. रक्तातील पांढऱ्या पेशी त्यांना लगेच ओळखतात. पेशींना डोळे तर नाहीत, मग ओळख कशी पटते?

पेशींवर 'ग्राही' नावाची प्रथिने असतात. त्यांतील टीएलआर-४ हा ग्राही काही जंतूंच्या आवरणातील एक ठरावीक पदार्थ ओळखून शरीराला इशारा देतो. हे १९९८ साली दाखवणाऱ्या ब्रूस बॉयटलर यांना २०११ साली नोबेल पारितोषिक मिळाले. इशारा हवाच; पण तो अति झाला, तर रक्तदाब घसरून रोगी दगावूही शकतो. म्हणून कोणत्या पेशीवर किती ग्राही आहेत, हे पाहावे लागते.

ग्राही साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाहीत. त्यासाठी फक्त त्याच ग्राहीला चिकटणारे प्रतिपिंड घेतात आणि त्याला चमकणारा रंग जोडतात. ही युक्ती अल्बर्ट कून्स यांनी अमेरिकेत १९४१ साली दाखवली. असे प्रतिपिंड रक्ताच्या नमुन्यात मिसळतात, उरलेले धुऊन टाकतात व पेशी एकेक करून लेसर किरणासमोरून नेतात. ग्राही जास्त, तर चमक जास्त. टीएलआर-४ मात्र पेशीवर थोडेच असतात, त्यामुळे चमक फिकी पडते. म्हणून ग्राहीला न चिकटणारे दुसरे रंगीत प्रतिपिंड वेगळ्या नमुन्यात घालून दोन्ही चमकी ताडून पाहतात.