संबंधात्मक डेटाबेस : प्रणाली-सारण्यांची निगा

प्रस्तावना : ई. एफ. कॉड यांनी १९७० मध्ये संबंधात्मक प्रतिमान मांडले. अशा डेटाबेसमधील सारण्या व स्तंभ यांची नोंद प्रणाली-सारण्यांत असते. ग्रंथालयाच्या कार्डपेटीसारखेच त्यांचे कार्य होय.

समस्या : उज्जैनमधील एखादे महाविद्यालय निकालाच्या दिवसांत प्रत्येक गुणपत्रिकेसाठी तात्पुरती सारणी तयार करते, असे समजू. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये अशा प्रत्येक सारणीमागे ‘पीजी_क्लास’मध्ये एक आणि ‘पीजी_अ‍ॅट्रिब्यूट’मध्ये प्रत्येक स्तंभामागे एक नोंद वाढते. सारणी काढून टाकली तरी मृत नोंदी जागा अडवतात; जणू बाद पुस्तकांची कार्डे पेटीतच राहतात. त्या फार साचल्या की कामे रेंगाळतात आणि विद्यार्थी खिडकीपाशी ताटकळतात.

उपाय : (१) तात्पुरत्या सारण्यांऐवजी विद्यार्थी-क्रमांकासह एकच कायम सारणी वापरावी. (२) ‘ऑटोव्हॅक्यूम’ चालू ठेवावे. त्यामुळे मृत नोंदींची जागा पुन्हा वापरता येते. (३) दीर्घकाळ उघडे राहिलेले व्यवहार बंद करावेत, कारण ते ही सफाई अडवतात. (४) ‘व्हॅक्यूम फुल’ सारणीला पूर्ण कुलूप लावते, म्हणून ते सुटीच्या दिवशीच चालवावे.

निष्कर्ष : नवे यंत्र घेण्यापूर्वी कार्डपेटी तपासावी, हे विद्यार्थ्यांना प्रात्यक्षिकातूनच शिकवणे इष्ट ठरेल.