निरोगी हाताचे माप

डिचोलीच्या कुंभाराचे काम पाहताना एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. चाकावर मडके वर येऊ लागले की त्याचा एक हात आत असतो, दुसरा बाहेर. आतला हात त्याला दिसत नाही. तरीही दोन्ही हातांमधील मातीची भिंत किती जाड राहिली, हे त्याला नेमके उमगते. पेडण्याच्या माडावर चढणारा पाडेलीही पाय कोठे टेकला हे वाकून पाहत बसत नाही. स्नायू, कंडरा व सांधे यांतून मेंदूकडे अखंड वर्दी जात असते. ब्रिटिश शास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९०६ साली या जाणिवेचे 'प्रोप्रिओसेप्शन' असे नामकरण केले. आपण तिला स्थितिसंवेदना म्हणू.

ती हरपली तर काय होते? जर्सी बेटावरील इयन वॉटरमन या तरुण खाटकावर १९७१ साली तो प्रसंग ओढवला. एका आजारानंतर त्यांची मानेखालील स्पर्शाची व स्थितीची जाणीव गेली. स्नायूंत बळ होते, पण हात कोठे आहे हेच कळेना. पुढे प्रत्येक हालचाल डोळ्यांनी पाहून करण्याची विद्या त्यांनी मोठ्या कष्टाने साध्य केली.

असे उदाहरण विरळा. पक्षाघात मात्र आपल्या कितीतरी घरांना परिचित आहे. हात हलू लागला की घरची माणसे सुटकेचा निःश्वास टाकतात, आणि आजोबांच्या हातून पेला निसटला की त्यांच्यावरच चिडतात! दुबळेपणा दिसतो, हरपलेली संवेदना दिसत नाही. रुग्णाला डोळे मिटावयास सांगून त्याचा अंगठा वर-खाली हलविण्याची वैद्यकीय परीक्षा जुनी आहे, परंतु ती ढोबळच.

कॅनडातील क्वीन्स विद्यापीठाचे स्टीफन स्कॉट यांनी यासाठी 'किनार्म' हा यंत्रमानव सिद्ध केला. त्याला डोके नाही की पाय नाहीत. खुर्चीत बसलेल्या माणसाचे हात त्याच्या आधारांवर टेकवितात व नजरेआड ठेवतात. यंत्र एक हात हळूच एका जागी नेते. दुसरा हात आरशातील प्रतिबिंबाप्रमाणे तेथे न्यावयाचा. दोहोंतील तफावत यंत्र टिपते. हालचालीच्या परीक्षेत हात किती वेळाने निघाला, किती वाकडा गेला, याचीही सूक्ष्म नोंद होते.

पण धडधाकट माणसाचा हातही अशा वेळी थोडाफार चुकतोच. म्हणून आधी पुष्कळ निरोगी स्त्रीपुरुषांची परीक्षा घेऊन, वय व डावा-उजवा हात हिशेबात धरून, स्वाभाविक चुकीची मर्यादा आखावी लागते. या मापाने पाहता पक्षाघाताच्या सुमारे निम्म्या रुग्णांत स्थितिसंवेदना बिघडलेली आढळली.

मात्र ही मर्यादा सर्वांना सारखी लावावी काय, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. जन्मभर चाकावर फिरलेल्या हाताची संवेदना मुळातच तीक्ष्ण असेल, तर ती बरीच घटूनही सर्वसाधारण मर्यादेत बसेल. यंत्र त्या कुंभाराला निरोगी ठरवील, आणि त्याचे मडके मात्र वाकडे उतरेल. आपल्याकडील कष्टकरी हातांचे स्वतंत्र माप घेतले जावे, ते याचसाठी.

यंत्र महागडे आहे. तोवर घरी एवढे करता येईल: रुग्णाला डोळे मिटावयास सांगून त्याचा अधू हात हलकेच एका जागी ठेवावा, व चांगल्या हाताने तीच स्थिती करून दाखविण्यास सांगावे. फार अंतर पडले, तर डॉक्टरांच्या कानावर अवश्य घालावे.