गाणी वाजतात, पण नावं कुठं गेली?

‘नवी आवृत्ती उपलब्ध आहे. आत्ता इन्स्टॉल करायची का?’ कम्प्युटरच्या कोपऱ्यात ही पाटी झळकली की आपण काय करतो? ऑफिसात असलो तर ‘नंतर आठवण कर’. घरी असलो तर नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश. मधे कुठली तरी टिकमार्क काढायची राहून जायची आणि ब्राउझरच्या डोक्यावर एक अनोळखी टूलबार येऊन बसायचा. (ज्यांचं कॉलेज २००५ च्या आसपास झालं, त्यांना तो टूलबार अजून आठवत असेल!) गाणी वाजवणारं सॉफ्टवेअर तर आपण कधी सीरियसली घेतलंच नाही. गाणं वाजलं, विषय संपला.

राधानगरीत माझ्या काकांकडे मात्र हा विषय संपत नाही. काका पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले, धरणाच्या गावचे. तुम्ही दर पावसाळ्यात बातम्यांत बघता ना, ‘राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले’, तेच धरण. सात दरवाजे; पाणी ठरलेल्या पातळीला आलं की आपसूक उघडतात, कुणी बटण दाबावं लागत नाही. यंत्र म्हणजे काय याची काकांची कल्पना अशी आहे. एकदा नीट बसवलं की ते पुन्हा विचारायला येता कामा नये. त्यांना ‘अपग्रेड’ समजावून सांगायला जाणं म्हणजे काय असेल, विचार करा.

त्यांच्याकडे साधारण साडेतीन हजार फाइल्स आहेत. निम्म्या सीडीवरून घेतलेल्या, बाकीच्या कॅसेटवरून उतरवलेल्या. आकाशवाणी सांगलीवरून टेप केलेली भावगीतं, नाट्यगीतं आणि गावातल्या भजनी मंडळाची ऐंशीच्या-नव्वदच्या दशकातली रेकॉर्डिंग. त्या मंडळातले दोघं जण आता नाहीत. कुठल्या फाइलमध्ये कोणाचा आवाज आहे, हे काकांना ठाऊक आणि फाइलबरोबरच्या त्या नावाच्या एका ओळीला ठाऊक. तिसऱ्या कुणाला नाही.

यंदा जुन्या पीसीची हार्डडिस्क कटकट आवाज करू लागली, म्हणून नवा कम्प्युटर आला. जुन्यावर विंडोज एक्सपी आणि विनॅम्प होतं. नव्यावर विंडोज ११. दुकानदाराने सगळी गाणी बिनचूक कॉपी करून दिली. सगळी वाजतात. पण नावांच्या जागी इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम, डॉलरच्या खुणा आणि कंसांची खिचडी. काका फोनवर म्हणाले, ‘वाजतंय रे झ्याक, पण गातंय कोण तेच कळंना झालंय.’ दुकानदाराचं निदान : व्हायरस असेल, फॉरमॅट मारू. नशीब, काकांनी आधी मला फोन केला.

शिवाजी, श्रीलिपी आणि बिचारा क

व्हायरस-बियरस काही नव्हता. भानगड मराठीची होती.

युनिकोड घरोघरी पोचण्याआधी आपण मराठी कशी टाइप करायचो, आठवतंय? शिवाजी, किरण, श्रीलिपी, कृतिदेव. या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी अक्षराचं चित्र बसवलेलं असायचं. तुम्हाला पडद्यावर ‘क’ दिसतो, कम्प्युटरच्या लेखी ते इंग्रजी अक्षरच. फॉन्ट आहे तोवर मराठी. फॉन्ट गेला की मुखवटा उतरतो. लग्नपत्रिका छापायला ही युक्ती पुरेशी होती, कारण पत्रिका एकदा कागदावर उतरली की काम झालं. काकांच्या गाण्यांची नावं २००९ मध्ये गावात पत्रिकांचं डीटीपी करणाऱ्या एका पोराने टाइप केली होती, आणि त्याने केली ती त्याच्या सवयीने. विनॅम्पमध्ये प्लेलिस्टच्या खिडकीचा फॉन्ट बदलता यायचा. पोराने तिथे मराठी फॉन्ट लावून दिला. डोकं लावलं होतं पोराने, मानलं पाहिजे! इतकी वर्षं ते चाललं.

युनिकोडमध्ये मात्र ‘क’ला स्वतःचा क्रमांक आहे, ०९१५. फॉन्ट कुठलाही लावा, क हा क राहतो. हे क्रमांक १९९१ पासून ठरलेले आहेत, पण एक्सपीवर देवनागरी नीट दिसायची तर कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन भाषांच्या पानावर एक टिकमार्क करावी लागायची, आणि मग कम्प्युटर विंडोजची सीडी मागायचा. असेम्बल्ड पीसीवाल्या किती घरांत ती सीडी होती? व्हिस्टा आल्यावर, म्हणजे २००७ पासून, ती कटकट मिटली. तोवर लाखो मराठी नावं जुन्या फॉन्टमध्ये अडकून बसली होती.

त्यात एमपी३ची स्वतःची मर्यादा. फाइलच्या शेपटीला गाण्याची माहिती चिकटवायची पहिली पद्धत १९९६ ची, आयडी३ नावाची. सगळी मिळून १२८ बाइट्स. गाण्याच्या नावाला ३०, गायकाला ३०, अल्बमला ३०. जुन्या फॉन्टमध्ये एका जोडाक्षराला दोन-तीन कळा खर्च होतात, म्हणजे नाव दहा-पंधरा अक्षरांत गारद. संगीतप्रकारांची यादी तर ८० प्रकारांची, कायमची ठरवून दिलेली. तिच्यात पोल्का आहे, कॅबरे आहे. लावणी नाही, अभंग नाही, नाट्यगीत तर नाहीच नाही. त्यामुळे तेव्हाच्या मराठी गाण्यांच्या कप्प्यात ‘अदर’ किंवा ‘ब्लूज’ लिहिलेलं सापडतं. ब्लूज का? तर यादीतला शून्य नंबरचा प्रकार तो होता!

१९९८ नंतर आयडी३ची दुसरी पिढी आली. तिच्यात नाव कितीही लांब चालतं, युनिकोड चालतं आणि संगीतकार व गीतकार यांना वेगळे रकाने आहेत. मराठी माणसाला हे शेवटचं फार महत्त्वाचं. आपण गाणं नुसतं गायकाच्या नावाने ओळखत नाही. ‘गीत अमुक, संगीत तमुक, स्वर अमुक’ हे आपल्या कानात रेडिओनेच बसवलंय.

दुरुस्ती, पायरीपायरीने

तुमच्या घरीही अशी खिचडी असेल तर इलाज आहे, पण वीकेंड खर्ची पडेल. सगळ्यात आधी अख्ख्या फोल्डरची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर. ही पायरी गाळलीत तर पुढचं वाचू नका.

मग एमपी३टॅग हे जर्मन सॉफ्टवेअर घ्या. विंडोजवर फुकट आहे. सगळ्या फाइल्स निवडून त्यांची नावं एका टेक्स्ट फाइलमध्ये एक्सपोर्ट करायची. ती फाइल फॉन्ट कन्व्हर्टरमधून काढायची. इथे फॉन्ट नेमका कुठला हे कळायला हवं, कारण शिवाजीचा तक्ता श्रीलिपीला चालत नाही. काकांच्या जुन्या पीसीवर फॉन्टचं फोल्डर शाबूत होतं म्हणून वाचलो. जुनी डिस्क भंगारात देण्याआधी ते फोल्डर उचलून ठेवा.

कन्व्हर्टरवर आंधळा विश्वास टाकू नका. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रफाराचंही असंच उलटंपालटं. त्यामुळे वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते आणि रफार भलत्याच डोक्यावर. काका चष्मा लावून शेजारी बसले आणि एकेक ओळ वाचत गेले. तपासलेली फाइल एमपी३टॅगमधूनच परत टॅगमध्ये भरायची. ओळींचा क्रम आणि गाण्यांचा क्रम एकच हवा. एक ओळ सरकली तर पुढच्या सगळ्या गाण्यांना शेजाऱ्याचं नाव लागतं. म्हणून शंभर-शंभरचे तुकडे करा. जिथे ३० बाइट्सनी नाव अर्ध्यातच कापलं होतं, तिथे काकांनी आठवणीतून सांगितलं आणि मी टाइप केलं. अशी चारशेच्या आसपास निघाली.

जाता जाता क्रमांकही नीट लावून घ्या. ‘गीतरामायण’ची ५६ गाणी नुसत्या नावाने वर्णक्रमात लावली तर वनवास आधी आणि जन्म नंतर. फाइलच्या नावात १, २, ३ असं लिहून भागत नाही, काही प्लेअर १ नंतर थेट १० वाजवतात. ०१, ०२ असं लिहा. आणि १९५५-५६ च्या मूळ प्रक्षेपणात पुणे आकाशवाणीवर गायक अनेक होते. ती रेकॉर्डिंग तुमच्याकडे असतील तर ‘अल्बम आर्टिस्ट’च्या रकान्यात सगळीकडे सुधीर फडके लिहा, नाहीतर प्लेअर एकाच रामायणाची डझनभर रामायणं करून दाखवतो.

आता प्लेअर कुठला? काकांचा आग्रह अर्थातच विनॅम्पचा. १९९७ चं हे सॉफ्टवेअर, जस्टिन फ्रँकेलच्या नलसॉफ्टने काढलेलं, १९९९ मध्ये एओएलने विकत घेतलं, २०१३ मध्ये बंद होणार म्हणून जाहीर झालं, २०१४ मध्ये रेडिओनॉमीकडे गेलं आणि २०२२ मध्ये नव्या आवृत्तीसह पुन्हा उगवलं. २०२४ मध्ये त्याचा सोर्स कोड खुला झाला आणि महिनाभरातच मागे घेतला गेला. प्रेम आपलंही आहे. पण इतक्या हातांतून फिरलेल्या घरात काकांना भाड्याने ठेवायला माझं मन होईना.

मी फुबार२००० बसवलं. दिसायला सरकारी फॉर्मसारखं, पण त्यात हवे ते रकाने करता येतात. आता काकांना गाण्यासमोर गीतकार, संगीतकार, गायक तिन्ही दिसतात. शिवाय इन्स्टॉल करतानाच ‘पोर्टेबल’ हा पर्याय मिळतो. तो घेतला की सॉफ्टवेअर आणि त्याच्या सेटिंग्ज एकाच फोल्डरमध्ये राहतात. ते फोल्डर गाण्यांच्या शेजारी, सी ड्राइव्हच्या बाहेर. उद्या कुणी खरंच फॉरमॅट मारलं तरी प्लेअर जागेवर. मैफलीचं रेकॉर्डिंग तुकड्यांत असेल तर हे सॉफ्टवेअर दोन तुकड्यांमधली ती बारीकशी शांतता गाळून टाकतं, बशर्ते फाइल बनवणाऱ्या सॉफ्टवेअरने तशी नोंद ठेवली असेल. तान मधेच ठेचकाळत नाही. २०२३ मध्ये आलेल्या २.० आवृत्तीत काळी थीमही आहे; काकांना ती ‘दुखवट्यासारखी’ वाटली.

बाकी काहीच वाजत नसेल तर व्हीएलसी आहेच. पण २०२२ मध्ये काय झालं होतं, लक्षात असू द्या. त्या वर्षी फेब्रुवारीच्या सुमारास भारतात व्हीएलसीची मूळ साइट उघडेनाशी झाली, कुठलीही जाहीर सूचना नसताना. ऑक्टोबरमध्ये कायदेशीर नोटीस गेली, नोव्हेंबरमध्ये बंदी उठली. मधल्या काळात ज्यांना ते हवं होतं त्यांनी ते कुठल्या कुठल्या गल्लीबोळातून उतरवलं असेल, देव जाणे. म्हणून चालू असलेल्या प्लेअरची इन्स्टॉल फाइल गाण्यांच्या फोल्डरमध्येच ठेवून द्या.

ही कल्पना माझी नाही म्हणा. अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारचे, म्हणजे कोल्हापूरचे. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर अवकाशात गेली, सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर. पाठवणाऱ्यांनी तबकडीसोबत सुई आणि कार्ट्रिज दिलं आणि वेष्टनावर ती कशी वाजवायची याची चित्रं काढली. प्लेअर सोबत बांधून दिला, थोडक्यात.

‘एवढा खटाटोप कशाला, सगळं स्ट्रीमिंगवर आहे की!’ असं म्हणणारे मित्र मलाही आहेत. २०२४ या एकाच वर्षात भारतात रेसो बंद झालं आणि विंकही. तिथे वर्षानुवर्षं जमवलेल्या प्लेलिस्ट कुठं गेल्या, त्यांनाच विचारा. आणि राधानगरीत जुलैमध्ये पाऊस लागला की नेटवर्क आहे की नाही, हे आकाशच ठरवतं. भजनी मंडळ तर कुठल्याच अॅपवर नाही.

काकांकडे अजून सतरा कॅसेट उतरवायच्या आहेत. दोनांवर बुरशी आहे, त्या आधी करायच्या ठरल्यात. टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकातून वायर कम्प्युटरच्या लाइन-इनला, आणि ऑडॅसिटी. पूर्वी ऑडॅसिटीतून एमपी३ काढायला लेम नावाची वेगळी फाइल शोधून जोडावी लागायची, पेटंटची भानगड होती. २०१७ मध्ये पेटंटं संपली आणि आता ती आतच येते. आम्ही मात्र एमपी३ न काढता आधी फ्लॅकमध्ये साठवतोय, त्यात आवाजातलं काही गाळलं जात नाही. प्रत्येक कॅसेटआधी टेपचं हेड कापसाच्या बोळ्याने, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसायचं. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटंच लागतात, त्यात कुठलं अपग्रेड नाही. काका रविवारी दोन करतात, आणि नावं आता स्वतः टाइप करतात, युनिकोडमध्ये, एका बोटाने.