तेवीस की बत्तीस? : गणिताच्या भीतीचे एक मूळ

गणिताविषयी मुलांच्या मनात जी भीती निर्माण होते, तिचे मूळ पुष्कळदा बीजगणितात किंवा भूमितीत शोधले जाते. वस्तुतः ते त्याच्या फार आधी, पहिल्या-दुसऱ्या इयत्तेतच रुजलेले असू शकते. शिक्षक ‘तेवीस’ म्हणतात आणि मूल पाटीवर ३२ लिहिते. असे चार-सहा वेळा घडले, की ‘ह्याला गणित येत नाही’ असा शिक्का बसतो आणि हळूहळू ते मूलही त्यावर विश्वास ठेवू लागते. म्हणून ह्या चुकीत गणिताचा वाटा किती आणि भाषेचा किती, हे पाहणे अगत्याचे आहे.

‘तेवीस’ हा शब्द संस्कृत ‘त्रयोविंशति’ ह्यापासून आला. त्यात तीन आधी आणि वीस नंतर येतात. लिहिताना मात्र आधी दशकाचा २ आणि मग एककाचा ३ मांडावा लागतो. कानावर पडलेल्या क्रमाने अंक लिहिणारे मूल शब्दाशी प्रामाणिकच राहिलेले असते! पुढे अडचणी वाढतात. ‘सत्तर’ हा शब्द ‘त्र्याहत्तर’मध्ये शिरताना ‘हत्तर’ होतो. एककस्थानी नऊ असलेल्या १९ पासून ८९ पर्यंतच्या आठ संख्यांच्या नावांत ‘एकोण’, म्हणजे ‘एकाने कमी’, येते. ‘एकोणतीस’मध्ये तीस ऐकू येतात; लिहावयाचे असतात २९. ही रीत कळली असे वाटते न वाटते तोच ९९ ला ‘नव्व्याण्णव’ म्हणावे लागते.

ही अडचण एकट्या मराठीची नाही. लखनौच्या अलीगंजमध्ये हिंदीतून शिकणाऱ्या मुलालाही ‘तेईस’ आणि ‘उनतीस’ ह्यांच्याशी अशीच झुंज द्यावी लागते. जर्मन भाषेतही २३ चा उच्चार ‘तीन आणि वीस’ असाच होतो. उलट कन्नड आणि तेलुगू भाषांत वीस आधी व तीन नंतर उच्चारतात. नॉर्वे देशात तर टेलिफोनचे क्रमांक सांगताना होणारा घोटाळा टाळावा, ह्या हेतूने संसदेने हा प्रश्न हाती घेतला आणि १ जुलै १९५१ पासून शाळांत व सरकारी व्यवहारात दशक आधी उच्चारण्याची पद्धत सुरू झाली. तरीही जुनी रीत लोकांच्या बोलण्यातून नाहीशी झाली नाही.

महाराष्ट्रात हा विषय जून २०१९ मध्ये ऐरणीवर आला. ‘बालभारती’च्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस, बावीस’ ह्यांच्याबरोबर ‘वीस एक, वीस दोन’ असे वाचनही दिले होते. त्यावर टीकेची झोड उठली व विधिमंडळातही चर्चा झाली. भाषेचे पिढीजात वैभव लोप पावेल, ही टीकाकारांची भीती अनाठायी म्हणता येणार नाही. गणित विषय समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर (१९४३–२०२३) ह्यांनी मात्र स्पष्ट केले, की जुनी नावे टाकून दिलेली नाहीत. जोडाक्षरे आणि उलटा क्रम ह्यांमुळे अडखळणाऱ्या मुलांसाठी ही सोपी पायरी आहे.

पायरी बदलल्याने काय साधते? चिनी भाषेत अकराला ‘दहा-एक’ म्हणतात. चिनी आणि अमेरिकन बालकांची तुलना करणारे एक संशोधन १९९५ साली प्रसिद्ध झाले. दहाच्या पुढे आकडे म्हणण्यात चिनी मुले सरस ठरली. परंतु थोड्या वस्तू मोजणे व साधी उदाहरणे सोडवणे ह्यांत फरक आढळला नाही. ह्याचा अर्थ असा, की संख्यांची नावे येणे वेगळे आणि संख्येची समज असणे वेगळे. पहिल्यातील उणीव पाहून दुसरीविषयी निवाडा देणे न्यायाचे नव्हे.

शिक्षकाला ह्याची परीक्षा सहज घेता येते. तेवीसऐवजी ३२ लिहिणाऱ्या मुलापुढे दहा-दहा काड्यांचे गठ्ठे व सुट्या काड्या ठेवाव्यात आणि ‘तेवीस काड्या दे’ असे सांगावे. त्याने दोन गठ्ठे व तीन काड्या दिल्या, तर त्याची संख्येची समज शाबूत आहे. चूक केवळ लेखनाच्या क्रमाची आहे. तेच गठ्ठे पुढे ठेवून ‘दोन दशक तीन एकक’, मग ‘वीस आणि तीन’ आणि शेवटी ‘तेवीस’ असे म्हणवून घ्यावे. त्याने तीन गठ्ठे व दोन काड्या दिल्या, तर ‘तेवीस’ हे नावच अजून पक्के झालेले नाही. त्याला वीसच्या पुढे एकेक काडी ठेवीत मोजू द्यावे. काड्यांचे गठ्ठेच बांधता येत नसतील, तर मात्र दशकाच्या कल्पनेपासून आरंभ करणे भाग आहे.

अशा रीतीने आपली चूक नेमकी कोठे आहे हे मुलाला दाखवून दिले, म्हणजे गणित हा नशिबाचा किंवा जन्मजात बुद्धीचा खेळ नसून कारण शोधता येईल असा विषय आहे, हे त्याला पटू लागते. ‘तेवीस’ हा शब्द त्याने अवश्य शिकावा. परंतु तो शिकण्यास उशीर लागला, म्हणून गणिताचे दार त्याच्यापुढे बंद होता कामा नये.