‘पेपरला दिलं का?’ : निधनाच्या जाहिरातीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

माणूस गेला की पहिल्या काही तासांत घरात सगळं एकदम ठरवावं लागतं. सरण कुठून आणायचं, पुण्याहून निघालेली लेक कधी पोचेल, तोवर थांबायचं का, सावडायला कोण येणार. या धावपळीत भावकीतला कुणीतरी हमखास विचारतो, ‘पेपरला दिलं का?’ मग मोबाइलमधले फोटो चाळले जातात, तालुक्याच्या वार्ताहराचा नंबर मिळवला जातो आणि संध्याकाळपर्यंत आकडा कळतो. कळंबचा शेतकरी असो की तुळजापूरचा दुकानदार, तो आकडा ऐकून क्षणभर गप्प होतो. पण बापाच्या मयताला घासाघीस केली, असं उद्या कुणी म्हणायला नको, म्हणून ‘होऊ द्या’ म्हणून मोकळा होतो.

असा डोळे झाकून होणारा खर्च थोडा उघड्या डोळ्यांनी पाहायला हरकत नाही. कारण त्यातला बराचसा गैरसमजांपोटी होतो.

‘पेपरात नाव यायचं तर पैसे पडणारच’

हा सगळ्यात महागात पडणारा समज. जिल्ह्याच्या पानावर खालच्या कोपऱ्यात चार-पाच ओळींची निधनवार्ता येते ती बातमी असते, जाहिरात नव्हे. ‘येथील रहिवासी अमुक यांचे वृद्धापकाळाने निधन झाले, मृत्युसमयी ते ८२ वर्षांचे होते, त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले, सुना, नातवंडे असा परिवार आहे’ या ठशातल्या मजकुराला दैनिकं सहसा पैसे घेत नाहीत. छापायची की नाही, किती छापायची, हे मात्र संपादकीय विभाग ठरवतो. आपला हक्क म्हणून ती मागता येत नाही. पण नाव, गाव, वय, निधनाचा दिवस, अंत्यसंस्कार कुठे झाले आणि मागे कोण आहे, एवढं नीट लिहून स्पष्ट फोटोसह वेळेत पोचवलं तर ती येण्याची शक्यता चांगली असते. अडते ते बहुधा अर्धवट माहितीमुळे.

पैसे घेऊन येते ती चौकटीतली जाहिरात: वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, मध्ये फोटो, खाली ‘शोकाकुल’ म्हणून नावांची रांग. तिसरा प्रकार मृत्युलेखाचा. जानेवारी २०२० मध्ये धाराशिव शहरात ९३ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, त्याचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो. २५ जुलै २०२४ ला ते गेले तेव्हा वृत्तपत्रांनी त्यांच्यावर लिहिलं, ते या तिसऱ्या प्रकारात मोडतं. तो मजकूर वृत्तपत्र स्वतःहून लिहितं.

बातमी आणि जाहिरात यांची गल्लत होण्याचं एक कारण आहे. तालुक्याच्या ठिकाणी बातमी घेणारा आणि जाहिरात आणणारा माणूस पुष्कळदा एकच असतो. वार्ताहराचं मानधन तुटपुंजं, खरी कमाई जाहिरातीच्या कमिशनची. त्यात गैर काही नाही, तोही पोटासाठीच करतो. पण आपण ‘पेपरला द्यायचंय’ एवढंच म्हटलं तर तो जाहिरात समजून मोकळा होणार. म्हणून सुरुवातीलाच विचारावं: बातमी की जाहिरात? बातमीचे पैसे देऊ नयेत. जाहिरातीचे द्यायचे तर दैनिकाच्या नावाची पावती मागावी.

जाता जाता एक खटकणारी गोष्ट. ‘अमुकराव यांना मातृशोक’ असा मथळा आपण रोज वाचतो. गेलेल्या बाईचं नाव खाली दुसऱ्या ओळीत येतं, आणि पूर्ण आयुष्य ‘यांच्या मातोश्री होत’ एवढ्यात आटोपतं. न्यूयॉर्क टाइम्सने २०१८ मध्ये, आजवर आपल्याकडून ज्यांच्यावर मृत्युलेख लिहायचा राहून गेला अशा स्त्रियांची मालिकाच सुरू केली. आपल्याकडे मालिकेची वाट पाहायचं कारण नाही. बातमीचा मजकूर घरूनच जातो. तो लिहिताना आईचं नाव पहिल्या ओळीत टाकावं, शिवणकाम करून मुलं शिकवली असतील तर तेही लिहावं. त्याला पैसे पडत नाहीत.

‘पेपरचं कात्रण नसेल तर दाखला निघत नाही, वारसही लागत नाहीत’

साफ चूक. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा आहे आणि त्यात वृत्तपत्राचा संबंध कुठेच येत नाही. मृत्यूची खबर २१ दिवसांच्या आत निबंधकाला द्यायची असते. खेड्यात हे काम ग्रामपंचायतीत, ग्रामसेवकाकडे (आताचे ग्रामपंचायत अधिकारी) होतं, शहरात नगरपरिषदेत. मृत्यू दवाखान्यात झाला तर खबर देण्याची जबाबदारी दवाखान्याची, घरी झाला तर कुटुंबप्रमुखाची. वेळेत नोंद झाली की खबर देणाऱ्याला पहिला दाखला मोफत मिळतो. २१ दिवस उलटले तर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क. पुढे वर्षभर लेखी परवानगी लागते. आणि वर्षानंतर जिल्हाधिकारी, प्रांत किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांचा आदेश. हा शेवटचा बदल १ ऑक्टोबर २०२३ पासूनचा. त्याआधी त्यासाठी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावं लागे. जाहिरातीसाठी त्याच दिवशी धावणारी आणि दाखल्यासाठी चार महिने न फिरकणारी घरं कमी नाहीत, आणि पुढे विमा, पेन्शन, बँक सगळं त्या दाखल्यावर अडतं.

सातबाऱ्याचंही तेच. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ प्रमाणे वारसाने तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला (आताचे ग्राम महसूल अधिकारी) कळवायचं. ई-हक्क प्रणालीवर घरबसल्याही अर्ज करता येतो. चावडीवर नोटीस लागते, हरकतीसाठी १५ दिवस मिळतात, मग फेरफार मंजूर होतो. त्यात ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ची चौकट कुणी मागत नाही.

मग लोकांच्या डोक्यात हे आलं कुठून? जाहीर नोटिशीवरून. वारसा प्रमाणपत्रासाठी दिवाणी न्यायालयात अर्ज केला तर न्यायालय वृत्तपत्रात नोटीस द्यायला सांगू शकतं. जमीन किंवा घर घेणाऱ्याचा वकीलही हरकती मागवणारी नोटीस देतो. ती वेगळी, तिचा मजकूर वेगळा आणि तिची वेळही पुढची. श्रद्धांजलीची जाहिरात कितीही मोठी दिली तरी या नोटिशीचं काम ती करत नाही.

‘दोन शब्द कमी केले की पैसे कमी होतील’

चौकटीतल्या जाहिरातीला शब्द मोजत नाहीत, जागा मोजतात. शब्दांवर किंवा ओळींवर दर असतो तो छोट्या जाहिरातींना. चौकटीचा हिशेब चौरस सेंटिमीटरचा. मोठ्या आकाराच्या दैनिकात पानाला साधारण आठ कॉलम, एक कॉलम सुमारे चार सेंटिमीटर रुंद. म्हणजे दोन कॉलम रुंद आणि १० सेंटिमीटर उंच जाहिरात ८० चौरस सेंटिमीटरची होते. ‘थोडी मोठी करा’ म्हणत तीच चार कॉलम बाय २० केली, तर डोळ्याला ती दुप्पट वाटते, बिल मात्र चौपट येतं. इथेच बहुतेक घरं फसतात.

दराचा अंदाज यावा म्हणून एक जाहीर आकडा. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये आपल्या जाहिरातींसाठी, एक लाख खप असलेल्या दैनिकातल्या कृष्णधवल जाहिरातीचा दर चौरस सेंटिमीटरला ४७.४० वरून ५९.६८ रुपये केला. त्या दराने आपली ८० चौरस सेंटिमीटरची चौकट ४,७७४ रुपयांची; त्यावर ५ टक्के जीएसटी धरला की पाच हजारांच्या थोडं वर. खासगी जाहिरातीचा दर सहसा याहून चढा, रंगीत किंवा पहिल्या पानावर हवी तर आणखी चढा. खप कमी असलेल्या स्थानिक दैनिकात तो पुष्कळ खाली येतो.

जागा खातं काय? तर नावं. मुलं, सुना, जावई, पुतणे, भाचे, शिवाय ‘समस्त मित्रपरिवार’. कुणाचं राहिलं तर रुसवे, म्हणून सगळ्यांची टाकायची. दिवस कुठे आणि किती वाजता, हे मात्र बारीक अक्षरात तळाला. वास्तविक दहावा, गंधमुक्ती, जलदानविधी, जियारत, जो विधी असेल त्याची वेळ आणि जागा कळवणं हाच जाहिरातीचा खरा उपयोग. तेवढ्यासाठी दोन कॉलम भरपूर होतात.

‘सगळीकडच्या आवृत्तीत दिली की सगळ्यांना कळतं’

धाराशिवच्या पानापुरती दिली तर एक दर, मराठवाडाभर दिली तर दुसरा, पूर्ण महाराष्ट्रात दिली तर तिसरा. प्रत्येक वाढीव आवृत्तीचे पैसे आपण देतो. पण उमरग्याच्या माणसाला ओळखणारे वाचक नाशिकच्या आवृत्तीत किती असणार? पुण्यात स्थायिक झालेल्या पाहुण्यांना तर पेपर हातात पडण्याआधी व्हॉट्सअ‍ॅपवर कळलेलं असतं. जिल्ह्याचं पान आणि फार तर जिथे सोयरीक आहे त्या सोलापूर किंवा लातूरची आवृत्ती, यापलीकडे जाण्याला फारसा अर्थ नाही.

‘पेपरवाले दुःखावर कमावतात’

अर्धं खरं. वाचक अंकाला जे पैसे देतो त्यात कागद आणि छपाईही भागत नाही. दैनिक चालतं जाहिरातींवर, आणि श्रद्धांजलीची चौकटही त्यातच आली. अमेरिकेत तर आपण जिला फुकटातली निधनवार्ता म्हणतो, तिलाही बहुतेक वृत्तपत्रं ओळींच्या हिशेबाने पैसे लावतात आणि शेकडो डॉलरचं बिल होतं. त्या मानाने जिल्ह्याच्या पानावरचा तो फुकट कोपरा टिकून आहे, हे बरंच म्हणायचं. नेत्याच्या निधनानंतर येणारी पानभर जाहिरात पाहून मात्र दडपून जाऊ नये. तिचं बिल बहुधा कार्यकर्ते, साखर कारखाना, पतसंस्था किंवा शिक्षणसंस्था भरते, घरचे नव्हेत.

घासाघीस करायचीच असेल तर ती प्रथम पुण्यस्मरणाला करावी. मृत्यूच्या दिवशी हातात तास असतात, वर्षश्राद्धाला वर्ष असतं. दोन-तीन दैनिकांचे दर विचारावेत, मोकळा दिवस पाहावा, काही सवलत आहे का हे स्पष्ट विचारावं. आणि पेपरपेक्षा फ्लेक्स स्वस्त म्हणून चौकात लावणार असाल, तर त्यालाही नगरपरिषदेची परवानगी आणि शुल्क लागतं. श्रद्धांजलीचा असला तरी विनापरवाना फलक बेकायदाच, आणि फोटोसकट तो उतरवला जातो.

शेवटी कामाचं. मोठ्या दैनिकांचे धाराशिवचे अंक बहुधा शेजारच्या शहरांत छापले जातात, त्यामुळे जिल्ह्याची पानं शहरापेक्षा लवकर बंद होतात. मजकूर दुपारीच पोचलेला बरा. जाहिरातीचा नमुना व्हॉट्सअ‍ॅपवर मागवून घ्यावा आणि तो घरातल्या रडून थकलेल्या माणसाने नव्हे, एखाद्या शेजाऱ्याने वाचावा. तारखेशी वार जुळतो का पाहावा, खाली दिलेला फोन नंबर एकदा लावून बघावा.