सुट्टीत घरी आलेले मूल

डिसेंबर सरत आला की पेडणे व डिचोली तालुक्यांतील घरे पुन्हा गजबजू लागतात. पुणे, बेळगाव, मणिपाल येथे शिकणारी मुले थिवी स्थानकावर वा मोपाच्या विमानतळावर उतरतात. पहिल्या दिवशी सुंगटांचे हुमण होते आणि दुसऱ्या दिवशी तक्रार सुरू होते : "दहा वाजले, अजून उठत नाही!"

यामागील शरीरशास्त्र पालकांनी समजून घ्यावे. या वयात झोप आणणारे मेलाटोनिन हे संप्रेरक रात्री उशिरा स्रवते; साहजिकच झोप व जाग दोन्ही लांबतात. त्यात सत्रपरीक्षेच्या जागरणांची भर पडलेली असते. १८ ते २५ या वयात सात ते नऊ तासांची झोप आवश्यक असते. म्हणून पहिले काही दिवस उशिरा उठणे हा आळस नव्हे. ती थकबाकीची वसुली होय.

दुसरा प्रश्न स्वातंत्र्याचा. वसतिगृहात स्वतःच्या वेळापत्रकाने राहिलेल्या मुलास घरची जुनी शिस्त जाचते. परंतु परिणामांचा विचार करणारा मेंदूचा पुढील भाग पंचविशीपर्यंत विकसित होत असतो. तेव्हा नियम थोडे, पण ठाम असावेत. वर्षअखेरीस मोरजी-हरमलला जाणाऱ्या मुलास एवढेच सांगावे : मद्य घेतलेल्याने गाडी चालवायची नाही, कितीही वाजता फोन कर, आम्ही न्यायला येऊ.

मात्र प्रत्येक झोप थकव्याची नसते. काही वर्षांपूर्वी माझा मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षातून घरी आला. दिवसभर पडून असे, मित्रांचे फोन घेत नसे, ताटात अन्न टाकून उठे. मी हजेरी व गुण तेवढे विचारले. इतरांच्या मुलांची झोप व भूक रोज विचारणाऱ्या मला ते स्वतःच्या घरी सुचले नाही. परतण्याच्या आदल्या रात्री तो आईजवळ रडला, तेव्हा कळले, की तीन महिने त्याला रात्री धड झोप नव्हती. उपचारांनी तो सावरला. पण हाताशी असलेली सुट्टी मी वाया घालवली होती.

सुमारे तीन चतुर्थांश मानसिक विकारांची सुरुवात चोविशीच्या आत होते, असे अमेरिकेतील २००५ सालच्या एका मोठ्या पाहणीत आढळले. झोप-भूक बिघडणे, आवडीच्या गोष्टींत रस न उरणे, एकलकोंडेपणा ही लक्षणे दोन आठवडे टिकल्यास मनोविकारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. जीवन नकोसे झाल्याचे बोल निघाल्यास एक दिवसही थांबू नये. 'टेली मानस'चा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास उपलब्ध आहे.

वाचकहो, यंदा मूल घरी येईल, तेव्हा "गुण किती?" याआधी "झोप लागते ना रे?" एवढे जरूर विचारावे. आणि उत्तर येईपर्यंत जवळ बसावे.