"गाडी तापते, मिस्त्री!"

विज्ञान शाखेच्या एखाद्या मित्राने इंजिनावर लेख लिहिला असता तर कोणास नवल वाटले नसते. मी पडलो कला शाखेचा, त्यातही मराठी घेतलेला. गेल्या वर्षी अंकासाठी मी एक कविता दिली होती. सरांनी ती वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "तुला जे खरोखर ठाऊक आहे त्यावर लिही की." मला खरोखर ठाऊक आहे ते एवढेच : ग्रीस, पाने, आणि आमच्या आबांच्या गॅरेजात येणाऱ्या गाडीमालकांच्या तक्रारी. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. आबा सातवीपर्यंत शिकले. पण इंजिनाचा आवाज ऐकून रोग सांगतात. त्यांच्याकडून जे शिकलो, त्यातले थोडे विद्यार्थी मित्रांपुढे आणि गुरुजनांपुढे ठेवतो.

या लेखाची नायिका प्रीमियर पद्मिनी. वाचकांपैकी पुष्कळांनी ती मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून पाहिली असेल. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या ११०० या नमुन्याची गाडी तयार होऊ लागली, आणि १९७४ पासून तीच 'पद्मिनी' या नावाने ओळखली गेली. परवान्यांच्या त्या काळात गाडी नोंदवून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत. १९८३ च्या डिसेंबरात मारुती रस्त्यावर आली आणि पद्मिनीचे दिवस भरत चालले. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. तरी हौसेने किंवा मायेने सांभाळलेल्या खाजगी गाड्या अजून आहेत. आमच्या तालुक्यात अशा दोन आहेत आणि दोन्ही आबांच्या हाताखालच्या आहेत.

मालक गॅरेजात येतो तो रोग घेऊन येत नाही, तक्रार घेऊन येतो. "मिसिंग मारते", "एअर पकडते", "ऑइल खाते", "पिकअप नाही" आणि सर्वांत जास्त वेळा, "गाडी तापते, मिस्त्री!" तक्रार आणि रोग या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे ज्याला कळले तो मिस्त्री झाला, असे आबा म्हणतात.

पहिली तक्रार घ्या : मिसिंग. पद्मिनीचे इंजिन चार सिलिंडरचे. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर. गणित केले की १०८९ घन सेंटिमीटर येतात. पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण पेटवायला ठिणगी लागते आणि ती योग्य क्षणी पाडण्याचे काम पॉइंट नावाच्या दोन चिमुकल्या टिकल्या करतात. त्या एकमेकींपासून दूर झाल्या की कॉइलमधला प्रवाह तुटतो, मोठा दाब निर्माण होतो आणि प्लगमध्ये ठिणगी उडते. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर चार सिलिंडरांसाठी मिनिटाला ६००० ठिणग्या हव्यात, म्हणजे सेकंदाला १००! एवढ्या वेळा उघडझाप करणाऱ्या टिकल्या जळणार, खड्डे पडणार, हे उघड आहे. शेजारी एक कंडेन्सर असतो. तो टिकल्यांमधला जाळ शोषून घेतो. कंडेन्सर गेला की पॉइंट झपाट्याने जळतात. मालक म्हणतो, "गेल्या महिन्यात तर नवे पॉइंट टाकले!" टाकले खरे, पण जळण्याचे कारण तसेच ठेवले. नव्या गाड्यांत हे काम इलेक्ट्रॉनिक पद्धतीने होते आणि टिकल्याच नसतात, म्हणून ही तक्रारही नाही.

दुसरी तक्रार : एअर पकडते. ही उन्हाळ्यातली. घाट चढून आलेली गाडी चहासाठी थांबते आणि परत सुरू होत नाही. मालकाला वाटते बॅटरी गेली. होते असे की, पेट्रोलमधले हलके अंश ३५-४० अंशांच्या आसपासच उकळू लागतात. बॉनेटखाली याहून कितीतरी जास्त उष्णता असते. पेट्रोलचा पंप इंजिनालाच चिकटलेला, म्हणून नळीत आणि पंपात पेट्रोलची वाफ होते. पंप द्रवाला ढकलू शकतो. वाफ मात्र नुसती दबते आणि फुगते, पुढे सरकत नाही. कार्बोरेटर कोरडा पडतो. यावर जुन्या ड्रायव्हरांचा उपाय म्हणजे पंपावर ओले फडके. बघ्यांना हा मंत्रतंत्र वाटतो, पण त्यात शास्त्र आहे. फडक्यातले पाणी सुकताना पंपाची उष्णता घेऊन जाते, वाफेचे पुन्हा पेट्रोल होते आणि गाडी सुरू होते. आमचा माठ ज्या नियमाने पाणी गार करतो तोच हा नियम.

अलीकडे यात एक नवी तक्रार मिळाली आहे. २०२३ पासून वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल पंपांवर येऊ लागले. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते आणि जुन्या जातीच्या रबराला ते मानवत नाही. पंपाचा पडदा, नळ्या, वॉशर फुगतात किंवा तडकतात. गाडी बनली तेव्हा हे इंधन कोणाच्या स्वप्नातही नव्हते. तेव्हा यात दोष गाडीचाही नाही. नव्या जातीच्या रबराचे सामान बसवणे आणि नळ्यांवर नजर ठेवणे, एवढाच उपाय.

ऑइल खाण्याची परीक्षा धुरावरून होते. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे; रिंगा किंवा व्हॉल्व्हचे गाईड झिजले. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जाते आहे. गरम इंजिनातूनही दाट पांढरा धूर येत राहिला तर समजावे की सिलिंडरात पाणी उतरते आहे. ही शेवटची खूण दिसली की आबा बोलायचे थांबतात. कारण मग गोष्ट तापण्यावर येते.

इंजिन का तापते? खरा प्रश्न उलटा आहे : ते वितळत का नाही? पेट्रोल जळून जी उष्णता होते तिचा चौथ्या हिश्श्याच्या आसपास भागच चाके फिरवण्याच्या कामी येतो. उरलेली काही धुरावाटे जाते आणि मोठा हिस्सा पाण्याला वाहून न्यावा लागतो. सिलिंडरांभोवतीच्या पोकळीतून पाणी फिरते, तापते, रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून जाताना वाऱ्याने निवते आणि परत येते. पाणी फिरवणारा पंप, हवा ओढणारा पंखा आणि बॅटरी भरणारा डायनॅमो, तिघेही एकाच पट्ट्यावर चालतात. म्हणून पट्टा तुटला की चार्जिंगचा लाल दिवा लागतो आणि थोड्याच वेळात गाडी तापते. लाल दिव्याकडे दुर्लक्ष करून "गावापर्यंत नेतो" म्हणणारे मालक दोरीने बांधून गॅरेजात येतात.

पट्टा ठीक असेल तर रेडिएटर पाहायचा. आमच्याकडे बोअरचे पाणी जड. चुलीवरच्या पातेल्यात जसा पांढरा थर बसतो तसा तो रेडिएटरच्या नळ्यांत आणि इंजिनाच्या पोटात बसतो. हा थर उष्णता जाऊ देत नाही. काटकसर म्हणून बोअरचे पाणी घालणारा मालक दहा वर्षांनी त्याची किंमत मोजतो. गाळलेले मऊ पाणी आणि कूलंट वापरावे. कूलंट उकळणे लांबवते आणि गंजही धरू देत नाही.

पद्मिनीचा ब्लॉक बिडाचा आणि त्यावरचे हेड ॲल्युमिनियमचे. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. म्हणजे एकाच बोल्टाने बांधलेले दोन धातू, आणि दोघांची वाढ वेगळी. या दोघांचे भांडण मिटवायला मध्ये बसते ती हेड गॅस्केट. एका बाजूला पेटलेला वायू, दुसऱ्या बाजूला पाणी, तिसऱ्या बाजूला ऑइल. तिने तिघांनाही आपापल्या घरी ठेवायचे. गाडी वरचेवर तापली की हेड वाकते, गॅस्केट जळते. मग रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात, पाणी कमी होते, ऑइल दुधाळ चहासारखे दिसू लागते. हेड बसवताना बोल्ट मधून कडेकडे, ठरलेल्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने आवळावे लागतात ते याचसाठी.

आता जे लिहितो ते लिहू की नको असे बरेच दिवस वाटत होते.

बारावीची परीक्षा दिलेली, मे महिना. आबा सामान आणायला जिल्ह्याला गेले होते आणि गॅरेजात मी एकटा. एक निवृत्त मास्तर आपली पद्मिनी घेऊन आले. बॉनेटमधून वाफ निघत होती. "बाळ, पाणी घाल रे लवकर," ते म्हणाले. तापलेल्या रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नये हे मला ठाऊक होते. झाकणाच्या स्प्रिंगमुळे आत कुकरसारखा दाब असतो. झाकण काढताच दाब जातो आणि शंभराच्या वर तापलेले पाणी एकदम उसळते. पण मास्तरांसमोर आपण जाणते आहोत हे दाखवायचे होते. गोणपाट टाकून झाकण काढले, बाजूला उडी मारली म्हणून तोंड वाचले. आणि हौदातले गार पाणी बादलीभर ओतले. आत कुठेतरी 'टक्' असा आवाज झाला.

संध्याकाळी आबांनी हेड उतरवले. सरळ पट्टी ठेवून पाहिली तर हेड वाकलेले होते. ते फेस मारून सरळ करता आले असते. पण दोन व्हॉल्व्हच्या मधोमध ताजी चीर होती. गरम धातू अचानक आखडला की असेच होते. आबांनी मला एकच प्रश्न विचारला, "थंड होऊ दिली होतीस का?" मी मान हलवली, नाही.

मास्तरांना काय सांगायचे? गाडी तापूनच आली होती. जुनी गाडी, हेड आधीच गेलेले, असे म्हटले असते तर कोणी खोटे ठरवू शकले नसते. मास्तर स्वतःच म्हणाले, "मिस्त्री, जुनी झाली हो ती आता." आबा म्हणाले, "नाही मास्तर. तापली ती तुमच्या रेडिएटरमुळे. हेड फुटलं ते आमच्या पोरामुळे." कुर्ल्याच्या जुन्या सामानाच्या बाजारातून दुसरे हेड मागवले. त्याचे पैसे आबांनी दिले, मजुरी घेतली नाही. ते पैसे माझ्या प्रवेशाचे होते. प्रवेशाच्या मुदतीच्या आदल्या दिवशी एका ट्रॅक्टरवाल्याची जुनी उधारी आली म्हणून मी आज तुमच्यात आहे. मास्तरांना यातले काही ठाऊक नाही.

त्या दिवसापासून "जुनी गाडी आहे, चालायचंच" हे वाक्य ऐकले की मला ते पुरेसे वाटत नाही. जुनेपणा हे कारण नव्हे. जुनेपणात कोणता तरी पट्टा, कोणती तरी नळी, कोणाची तरी घाई लपलेली असते. ती शोधावी लागते, आणि कधी कधी ती आपलीच निघते.

मित्रहो, तुमच्या घरी गाडी असो वा नसो, एवढे ध्यानात ठेवा. काटा लाल खुणेकडे चढू लागला की गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, आणि किमान अर्धा तास झाकणाला हात लावू नका. चहा घ्या. मग झाकण सावकाश उघडा आणि पाणी हळूहळू घाला. आणि मिस्त्रीकडे जाल तेव्हा काय काय घडले ते सगळे सांगा, स्वतःची चूकसुद्धा. निम्मी दुरुस्ती तिथेच होते.

मास्तरांची पद्मिनी अजून चालते. मागच्या पंधरवड्यात आली होती. पट्टा सैल झाला होता. आबांनी पाना माझ्या हातात दिला आणि ते चहा प्यायला निघून गेले.